पाळण्यावरचं पाखरू

“हे पाखरू कशासाठी?” जमादाराने विचारलं आणि पाळण्याच्या उशाकडच्या फळीवरून अंगठा फिरवला.

पाखरूबाबांना एवढंच हवं असायचं. कुणी विचारायचा अवकाश, म्हातारा हातातलं काम टाकून बोलायला मोकळा. त्यांची बायको होती तोवर रोज एकदा तरी ऐकवायची, तुमच्या जिभेला हाड नाही ते नाही, निदान तोंडाला एक दार तरी बसवून घ्या, सुतार आहात ना.

“त्याचं असं आहे बघा,” ते म्हणाले. “मुलगा झाला की पाखरू, मुलगी झाली की फूल. आमच्या वडिलांनी सुरू केलं, मी पुढे चालवलं. म्हणून तर गाव मला पाखरूबाबा म्हणतं. खरं नाव माझं मलाच आठवत नाही आता.”

“गावातल्या सगळ्या पाळण्यांवर असतं?”

“सगळ्या! एखाद्या घरात चूल नसेल जमादार, पण माझा पाळणा असेल. दारात उभं राहून नुसतं उशाकडे पाहायचं, घरात काय जन्मलंय ते कळतं. विचारायची गरज नाही.”

जमादार हसला. मोठा गोड हसायचा तो. राजाच्या सैनिकांची तुकडी काल संध्याकाळी वेशीबाहेर उतरली होती. पुन्हा शिरगणती निघाली असणार, असा गावाचा कयास होता. जमादाराच्या भाल्याचा दांडा तडकला होता म्हणून तो सकाळीच सुताराचं घर विचारत आला. दांड्याला सांधा घालेपर्यंत त्याने दुकानातला प्रत्येक पाळणा हलवून पाहिला.

“मलाही मुलगा झालाय,” तो म्हणाला. “निरोप आला. मी अजून पाहिलेलासुद्धा नाही.”

“मग पाखरू हवंच! तुमचा पाळणा माझ्याकडे लागला. असा मजबूत करतो की नातवंडंसुद्धा त्यातच झोपतील. माझ्या नातवाचा पाळणा मला दोनदा दुरुस्त करावा लागला. ढोल्या म्हणतो आम्ही त्याला. असा गुबगुबीत झालाय, दोन्ही हातांनी उचलला तरी कंबर धरते. खालच्या वेशीजवळ शेवटच्या गल्लीत असते माझी लेक. कधी आलात तिकडे तर बघा.”

“बघतो की,” जमादार म्हणाला. “तुमच्याकडे एक परगावचा सुतार होता म्हणे कामाला?”

“होता. काल संध्याकाळी हत्यारं पुसून जागच्या जागी ठेवली, आणि उजाडायच्या आत बायकोपोराला घेऊन नाहीसा. कुठे जातोय, ते सांगितलं नाही. काहीतरी स्वप्न पडलं, एवढंच म्हणाला. अहो, स्वप्न पडलं म्हणून कुणी काम अर्धवट टाकतं का?”

त्या माणसावर पाखरूबाबांचा राग होता, कारण त्यांना तो आवडायचा. शिरगणतीच्या गर्दीत तो या गावात आला होता, दिवस भरलेल्या बायकोला गाढवावर बसवून. धर्मशाळा तुडुंब भरलेली. शेवटी तिथल्या गोठ्यात ती बाळंत झाली आणि पोर गव्हाणीत निजवलं. बाबांचा जावई मेंढपाळ. त्याच रात्री तो आणि त्याचे सोबती रानातून धावत आले, आभाळात उजेड पाहिला, राजा जन्मलाय असं ऐकलं, म्हणत होते. गावाने ते हसण्यावारी नेलं. बाबांनी मात्र गोठ्यात जाऊन स्वतः पाहिलं आणि निर्वाळा दिला, की पोर चारचौघांसारखंच आहे, पण बापाच्या हाताला घट्टे चांगले आहेत. त्याला कामावर ठेवून घेतलं.

त्या पोराचा पाळणा करून झाला आणि बाबांनी पाखरू कोरायला पटाशी उचलली, तेव्हा ती कोवळी आई म्हणाली होती, “राहू द्या काका. याला खूण नको.” बाबांना तो अपमान वाटला होता. पाळणा तसाच बिनखुणेचा दिला. काल संध्याकाळी तो परत आला. गाढवावर मावत नाही, असं तो सुतार म्हणाला. आता तो पाळणा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता.

हल्लीच दूरदेशाहून काही श्रीमंत प्रवासी आले होते. त्या सुताराच्या भाड्याच्या खोलीत, त्या एवढ्याशा पोरापुढे ते गुडघे टेकून बसले आणि आले तसे गेले. गावाला चघळायला विषय मिळाला. तीच गोष्ट राजधानीत म्हाताऱ्या राजाच्या कानी गेली असेल आणि आपल्या गादीला दावेदार उठला म्हणून त्याची झोप उडाली असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

जमादाराने नवा सांधलेला भाला हातात तोलून पाहिला. “छान झालाय,” तो म्हणाला. मग दारात जाऊन त्याने शीळ घातली.

समोर कुंभाराचं घर होतं. सैनिक आत शिरले तेव्हा कुंभारीण पाळण्याला धरून उभी राहिली. “मुलगी आहे,” ती म्हणाली. “माझी मुलगी आहे ती, आजारी आहे.”

जमादाराने पाळण्याच्या उशाकडे पाहिलं. मग रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या पाखरूबाबांकडे पाहिलं, आणि एका सैनिकाला म्हणाला, “उघडून बघ.”

सैनिकाने दुपटं फेडलं. मुलगा होता.

“पाखरू खोटं बोलत नाही,” जमादार म्हणाला.

सैनिकाने पोराला एका पायाला धरून उचललं आणि मानेवरून सुरा फिरवला. कोंबडी कापायलाही माणूस याहून जास्त वेळ घेतो. कुंभारीण किंचाळली. आतून कुंभार चाक फिरवायचा दांडा घेऊन धावत आला, तेव्हा जमादाराने नुसता भाला पुढे केला. कुंभार स्वतःच त्याच्यावर आला. बाबांनी घातलेला सांधा जराही हलला नाही.

“अहो, काय करताय?” पाखरूबाबा रस्त्यातच ओरडले. “तुम्हाला हवा तो त्या सुताराचा मुलगा गेला! काल रात्रीच गेला!”

“गेला असेल,” जमादार शांतपणे म्हणाला. “नसेलही. म्हणून तर सगळे. दोन वर्षांच्या आतले.”

पलीकडचं घर पिंजाऱ्याचं. आरडाओरडा ऐकून तो सावध झाला होता. पाळणा रिकामा होता. पिंजारी हात जोडून म्हणाला, घरात पोर नाही, आजोळी गेलंय. जमादाराने फळीवरचं पाखरू बोटाने चाचपलं, अंथरुणाला हात लावून पाहिला. ते गरम होतं. “शोधा,” तो म्हणाला.

शोधायला फार वेळ लागला नाही. पोराला कापसाच्या ढिगात दडवलं होतं. सैनिकांनी ढिगात तलवारी खुपसायला सुरुवात केली. इथे एकदा, तिथे एकदा. आवाज काही आलाच नाही. फक्त पांढऱ्या कापसात एका जागी लाल उमटलं आणि ते पसरत गेलं. पिंजारी मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी कापूस उपसू लागला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं सुतारांनाच जास्त वेळा ऐकवलं जातं. पाखरूबाबांनी ते आजवर शेकडो वेळा हसत ऐकलं होतं. आता ते कुणी ऐकवायची गरज नव्हती. मग ढोल्या आठवला आणि ते पळत सुटले.

त्यांचा एक गुडघा कायमचा दुखरा. तरी ते पळाले, घरांच्या मागल्या बाजूने, उकिरड्यांवरून, भिंतीला हात टेकत. भाल्याचा सांधा करतानाची पटाशी हातात तशीच राहिली होती. वाटेत कितीतरी दारं उघडी होती. आतून पाळण्यांची करकर ऐकू येत होती, आणि प्रत्येक करकर कुठल्या पाळण्याची ते त्यांना कळत होतं. एकेका दारात ओरडायला हवं होतं. पण जन्मभर ज्याचं तोंड कुणाला बंद करता आलं नाही, त्याच्या घशातून आता शब्द फुटेना. ते तसेच पळत राहिले. मागून एकेका गल्लीतून किंकाळ्या उठत होत्या आणि जवळ येत होत्या.

लेकीचं आणि गवंड्याचं घर भिंतीला भिंत लावून, अंगण एकच. गवंडी राजधानीत राजाच्या नव्या वाड्याच्या बांधकामावर होता, जावई डोंगरावर मेंढरांमागे. दोघी बायकांनी आपसात सोय लावली होती, एक पाण्याला गेली की दुसरीने दोन्ही पाळणे सांभाळायचे. आज लेक विहिरीवर गेली होती. गवंडीण आत भाकरी भाजत होती, धूर दाराबाहेर येत होता. अंगणात सावलीला दोन पाळणे शेजारी शेजारी होते. पाखराच्या पाळण्यात ढोल्या, फुलाच्या पाळण्यात गवंडिणीची ठकी. दोन्ही पोरांची टोपडी एकाच जुन्या लुगड्याची, लेकीनेच शिवलेली.

पाखरूबाबा पाळण्यापाशी बसले आणि पाखरावर पटाशी लावली. एक ढलपी उडाली. आतलं लाकूड पांढरंफेक निघालं. बाकीची फळी हाताळून काळी झालेली. ती कोरी जागा आंधळ्यालाही दिसली असती. त्यात हे पाखरू त्यांनी इतर कुठल्याही पाखरापेक्षा खोल कोरलं होतं, आजोबाच्या हौसेने.

पोर घेऊन पळावं, तर वेशीवर पहारा. लपवावं, तर रिकामा पाळणा. गल्लीच्या तोंडाशी बूट वाजले.

मग त्यांना जे सुचलं, ते त्यांना त्या क्षणी वाईट वाटलं नाही, हे सांगितलं पाहिजे. उलट हायसं वाटलं. ते दुपटं फेडून बघतात, कुंभाराकडे बघितलं. फूल पाहून पुढे जातील, आणि पाखराखाली मुलगी दिसली की तिलाही सोडून देतील. मुलीला कोण काय करतंय? त्यांनी ढोल्याला उचलून फुलाच्या पाळण्यात ठेवलं आणि ठकीला पाखराच्या. ठकी हलकी होती. तिने झोपेत ओठ चोखले. त्यांनी दोघांच्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं आणि मनात वाक्य जुळवलं. नातू तापात गेला, आता शेजारची मुलगी झोपते त्यात.

सैनिक अंगणात आले. पुष्कळ घरं झाली होती. त्यांचे हात कोपरापर्यंत रक्ताने भिजले होते आणि चेहरे कंटाळलेले होते. हे सगळ्यांत भयंकर होतं, की ते कंटाळले होते. एकाने जवळच्या, फुलाच्या पाळण्याकडे हात नेला.

तेवढ्यात गवंडीण बाहेर आली. हाताला पीठ लागलेलं. तिने सैनिक पाहिले, सुरे पाहिले, आणि झेप घेऊन फुलाच्या पाळण्यावर आडवी झाली.

“ही मुलगी आहे माझी,” ती म्हणाली. “हिला नका हात लावू.” आणि मग, श्वास न घेता, शेजारच्या पाळण्याकडे बोट करून, “मुलगा त्यात आहे. त्यात.”

सैनिक पलीकडे वळला.

“नाही, नाही,” पाखरूबाबा म्हणाले. “तीही मुलगीच आहे. उघडून बघा. माझा नातू तापात गेला हो, गेल्या महिन्यात. पाळणा रिकामा होता म्हणून तिला त्यात...”

“काका,” जमादार सैनिकांच्या मागून पुढे आला. त्याचा आवाज सकाळसारखाच होता. “सकाळी तर म्हणालात, उचलताना कंबर धरते.”

“उघडून बघा. तुमच्या पाया पडतो, एकदा उघडून बघा.”

“किती उघडायचे?” जमादार म्हणाला. “सगळेच मुली म्हणतात. तुमचं पाखरू एकदाही चुकलं नाही.”

त्याच वेळी लेक फाटकात आली. डोक्यावर भरलेली घागर. तिने आपल्या बाळाच्या पाळण्यावर उगारलेला हात पाहिला. घागर पडली. बाबांनी तिला हाक मारली, “पोरी, नको, तो त्यात नाही...” पण ते म्हणेपर्यंत ती पाळण्यावर पडली होती. पोराला तिने पोटाखाली घेतलं, न पाहता. कुठली आई अशा वेळी पाहील? सैनिकाने तिला केसांना धरून ओढलं, ती निघेना. मग त्याने तलवार वरूनच खाली घातली, दोन्ही हातांनी जोर देऊन. ती तिच्या पाठीतून गेली आणि खाली पाळण्याच्या तळाशी लाकडाला लागल्याचा आवाज झाला. तो आवाज बाबांना ओळखीचा होता. लाकडात लोखंड रुतल्याचा.

सैनिकाने पाय लावून तलवार उपटली.

“चला,” जमादार म्हणाला. जाता जाता थांबला. “माझा पाळणा विसरू नका काका. मी येईन न्यायला.”

ते गेल्यावर अंगणात काही वेळ फक्त आतल्या करपणाऱ्या भाकरीचा वास होता. घागरीचं पाणी वाहत पाळण्याखाली गेलं आणि तांबडं होऊन उतरणीला लागलं. गवंडीण अजून फुलाच्या पाळण्यावर तशीच वाकून होती. आपली वाचली, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं, आणि लाजतही होतं.

मग तिच्या पोटाखालचं पोर रडलं. जाड, भसाड्या आवाजात.

आईला आवाज कळायला डोळे लागत नाहीत. तिने हळूहळू मान वर केली. पांघरूण काढलं. बघितलं. मग शेजारच्या पाळण्याकडे गेली. बाबांच्या लेकीला तिने जपून, जागी होऊ नये अशा बेताने बाजूला सरकवलं आणि खालचं गाठोडं उचलून छातीशी घेतलं. ती ओरडली नाही. पाखरूबाबांना वाटलं ओरडेल. त्यांची पटाशी तिच्या पायाशी पडली होती. ती उचलून तिने त्यांच्या नरड्यात घालावी, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि ते मान पुढे करून बसून राहिले.

“मी पोरं बदलली,” ते म्हणाले. “मला वाटलं उघडून बघतील.”

“मी बोट दाखवलं,” ती म्हणाली.

उन्हं भिंतीवर चढली. ढोल्या रडतच होता, भुकेने लाल झाला होता. त्याच्या आईचं दूध तिच्याबरोबर गेलं होतं. गवंडिणीची चोळी दोन्हीकडून ओली होत होती, शरीराला कुठे काय कळतं. तिने बराच वेळ ते रडणं ऐकून घेतलं. शेवटी मेलेल्या मुलीला एका हाताने मांडीवर तसंच धरून तिने दुसरा हात पुढे केला.

“आणा इकडे,” ती म्हणाली. “आणि तिकडे तोंड करून बसा.”

पाखरूबाबा भिंतीकडे तोंड करून बसले. मागे रडणं थांबलं.

त्यानंतर गावाला एवढंच ठाऊक झालं, की मेंढपाळाची बायको आणि मुलगा गेले आणि गवंड्याची मुलगी वाचली. ढोल्याला ठकीचं झबलं घातलं, ठकीच्याच नावाने हाका सुरू झाल्या. जावई डोंगरावरून आला, दोन मातीच्या ढिगांपाशी बसला, गवंडिणीच्या कडेवरच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काही न विचारता परत गेला. त्या रात्री उजेड पाहून धावत आलेल्यांपैकी तो एक होता. आता तो उजेडाचं नावही काढत नव्हता.

पाखरूबाबा दुकान उघडत, दारांच्या चौकटी करत, पाळणा कुणी मागतच नव्हतं. बोलणं पार तुटलं. लोक म्हणत, धक्का बसला म्हाताऱ्याला. धक्का होताच. पण त्यांना त्या परगावच्या सुताराचा रागही येई, मनात धुमसत राही. एका घराला स्वप्न पडलं, बाकीच्यांना का पडलं नाही? एकाच्या वाट्याचं मरण साऱ्या गावाने मरून दिलं. ते पोर कुठेतरी परमुलखात दुडुदुडु चालत असेल, बापाच्या रंध्याखालच्या साली वेचत असेल. चालू दे. पण मोठं झाल्यावर त्याला कुणीतरी सांगायला हवं, असं बाबांना वाटे. पिंजाऱ्याचा कापूस सांगायला हवा.

एके दिवशी जमादार आला. साध्या कपड्यांत, रजेवर निघालेला. दारात उभा राहून पूर्वीसारखाच गोड हसला. “झाला का काका माझा पाळणा?”

पाखरूबाबा उठले. कोपऱ्यातला पाळणा ओढून त्यांनी मधोमध आणला आणि फडक्याने त्याच्यावरची धूळ पुसली.

जमादाराने पाळणा हलवून पाहिला. “काम झकास आहे. पण जुना वाटतो. कुणाचा होता?”

“रिकामा होता.”

जमादार उशाकडे वाकला. कोऱ्या फळीवरून त्याने अंगठा फिरवला. “आणि पाखरू? मुलगा आहे माझा. तुम्हीच म्हणाला होतात.”

दुकानाच्या मागच्या दारात गवंडीण येऊन उभी राहिली होती. दुपारचं ताट घेऊन ती रोज येई. कडेवर झबल्यातला ढोल्या होता. तिने जमादाराला ओळखलं आणि तिचा हात पोराच्या डोक्यावर गेला. जमादाराने तिकडे पाहिलं.

“मुलगी का?” त्याने विचारलं.

“मुलगी,” पाखरूबाबा म्हणाले.

मग त्यांनी पाळण्याच्या कोऱ्या फळीवर हात ठेवला. “याला खूण नको, जमादार. उद्या तुमच्या दारात कुणी आलं, तर त्याला कळायला नको.”

जमादाराचं हसू गेलं. त्याने पाळणा खांद्यावर घेतला आणि निघाला. गल्लीत कुंभाराच्या बंद दारासमोरून जाताना तो जरा झपाझप चालला.

गवंडिणीने ताट ठेवलं. पोर खाली उतरायला धडपडत होतं, तसं तिने त्याला भुशात सोडलं. बाबांनी हातातलं फडकं झटकलं, पटाश्या गोळा केल्या आणि उंच फळीवर ठेवल्या, पोराचा हात पुरणार नाही अशा.